वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक : चाळीस जणांत एक बटण माझं

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा हजारो माणसांनी इंटरनेटवर एकत्र खेळायचा खेळ. मूळ खेळ २३ नोव्हेंबर २००४ ला अमेरिकेत आला. ब्लिझार्ड या कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचं जुनं रूप ‘क्लासिक’ म्हणून परत सुरू केलं, म्हणजे २००६ सालची १.१२ ही आवृत्ती, जवळजवळ होती तशी. मग वीस वर्षं झाली त्या निमित्ताने २१ नोव्हेंबर २०२४ ला कोऱ्या पाटीचे नवे सर्व्हर उघडले, तिथे सगळ्यांची सुरुवात पहिल्या लेव्हलपासून. २०१९ ला बाबांच्या आजारपणात माझं राहून गेलं होतं. या खेपेला पहिल्याच आठवड्यात बसले. मी त्या नव्या सर्व्हरबद्दल लिहितेय, पण मला तो खेळ का लागतो हे सांगायचं तर १९९४ मध्ये जावं लागेल.

काकांकडे इंदूरच्या रामबागेत ३८६ कॉम्प्युटर आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पुढच्या खोलीत टेबलावर, काकूने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली तो असायचा. त्या खोलीत चपला तर नाहीच, ओले पायसुद्धा चालत नसत. हार्ड डिस्क चाळीस एमबीची. तिच्यात काकांचे लोटसमधले हिशेब आणि एका कोपऱ्यात दादाने सव्वापाच इंची फ्लॉप्यांवरून चढवलेले खेळ : डिगर, पॅराट्रूपर, डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

बाकीचे खेळ ज्याचे त्याने खेळायचे. प्रिन्स मात्र दोघांचा. बाणांची बटणं दादाकडे, शिफ्टचं बटण माझ्याकडे. ज्यांनी तो खेळलाय त्यांना कळेल की शिफ्ट म्हणजे काय जबाबदारी होती. पाऊल जपून टाकायचं ते शिफ्टने, बाटली उचलून प्यायची ती शिफ्टने, तलवारीचा वार शिफ्टने. आणि दरीवरून उडी टाकली की पलीकडची कड पकडायची तीही शिफ्टनेच. उडी दादा मारणार, कड मी धरणार. बोट जरा उशिरा पडलं की राजपुत्र खाली सुळ्यांवर. दादा ओरडायचा नाही. ‘पुन्हा’ एवढंच म्हणायचा, आणि आम्ही पुन्हा पहिल्या फरशीपासून.

आमच्याकडे खेळाची पुस्तिका नव्हती. पहिली लेव्हल संपली की एका खोलीत बाटल्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेतल्या अमक्या पानावरच्या, अमक्या ओळीतल्या, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं ते विचारतात आणि तीच बाटली प्यायची. चुकीच्या पीत गेलं की मेला. मग आम्ही दोनशे पानी वहीत तक्ता आखला. पान, ओळ, शब्द, अक्षर. प्रत्येक मरणाला एक नोंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वही इतकी भरली की पुस्तिकेची गरज उरली नाही. आज मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. रकान्यांची माझी पहिली वही ती.

राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळायची, घड्याळ चालूच. चौथ्या लेव्हलला आरसा येतो, त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली सुटून पळते. ती पुढे त्रास देत राहते आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर उभी राहते. तिला मारलं की आपणच मरतो. किती दिवस अडलो तिथे! शेवटी एका दुपारी दादाने खालच्या बाणाने तलवार म्यान केली आणि तिच्याकडे चालत गेला. दोघं एक झाले. मी शिफ्टवरचं बोट उचलून घेतलं होतं, कारण त्या एका ठिकाणी काहीच न करणं हेच माझं काम होतं. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तो खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली होती. ते पळणं इतकं खरं का वाटायचं याचं उत्तर मिळालं. पडद्यावर कुणाचा तरी भाऊच पळत होता.

दादा न्यू जर्सीला गेला. २००५ च्या दिवाळीत आला तो वॉरक्राफ्टचा खोका घेऊन. आत चार सीडी. फराळाच्या ताटावर त्याने मला साथीची गोष्ट सांगितली. सप्टेंबरमध्ये हक्कार नावाच्या बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, रक्तदोष, जो फक्त त्याच्या देवळातच राहायला हवा होता, शिकाऱ्यांनी पाळलेल्या जनावरांबरोबर शहरांत पसरला. आयर्नफोर्ज शहराच्या रस्त्यावर हाडांचे ढीग पडले होते आणि त्यात त्याचाही सापळा होता. साथरोगांच्या अभ्यासकांनी पुढे त्यावर गंभीरपणे लिहिलं. मला त्या रात्री एवढंच कळलं की हा खेळ चकलीसारखा हातावेगळा करायचा नाही, त्यात राहायचं असतं.

महिन्याची वर्गणी १४.९९ डॉलर, ती दादाच्या कार्डावर. मी तेव्हा आर्टिकलशिप करत होते. माझ्या स्टायपेंडमधून ती परवडली नसती.

आता वेळेचं गणित बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इंदूरमध्ये पहाटेचे साडेपाच. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, मोजत नसत. म्हणजे तिकडची शुक्रवारची रेड आमच्याकडे शनिवारी पहाटे, फुकटाच्या वेळेत बसायची. आठला रेड संपायची, मीटर सुरू व्हायच्या आत लॉगआउट, आणि कोपऱ्यावरच्या भियाकडे वर्तमानपत्राच्या कागदावर पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला. त्या दीड वर्षातल्या शनिवारांना माझ्या तोंडात अजून जिरावनची चव आहे.

रेड म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चाळीस माणसं आपापल्या घरून एका गुहेत शिरतात. काहीजण टँक, ते बॉसचा मार अंगावर घेतात. काही हीलर, ते टँकला जिवंत ठेवतात. उरलेले बॉसला मारतात. एक चुकला की बहुतेक वेळा चाळीसही पडतात, त्याला वाइप म्हणायचं, आणि मग भुतं होऊन पळत परत गुहेत. आमची गुहा मोल्टन कोअर. लाव्हा, दहा बॉस, शेवटी रॅग्नारॉस. आठवड्यातून एकदाच त्यांची सर्वांची गाठ.

दादा ड्वार्फ वॉरियर, टँक. मी ड्वार्फ प्रीस्ट, हीलर. ड्वार्फच का, तर त्या काळी फिअर वॉर्ड हा मंत्र आमच्या, म्हणजे अलायन्सच्या, बाजूला फक्त ड्वार्फ प्रीस्टकडेच असायचा. मॅगमाडार नावाचा दोन तोंडांचा कुत्रा दर अर्ध्या मिनिटाला सगळ्यांना भेदरवतो. टँक भेदरून पळाला की कुत्रा बाकीच्यांवर येतो. फिअर वॉर्ड टँकवर असेल तर तो एक भेदरा वाया जातो, आणि तो मंत्र पुन्हा वापरायला तीस सेकंद थांबावं लागतं. म्हणजे दर तीस सेकंदांनी एक बटण, एकाच माणसावर, तेही वेळ न चुकवता. पहिल्यांदा मॅगमाडार पडला तेव्हा दादा हेडफोनमध्ये म्हणाला, “कड बरोबर धरलीस.” बाकीच्या अडतीस जणांना ते कळणं शक्य नव्हतं.

हीलरचं काम हिशेबाचं आहे आणि म्हणून मला ते इतकं आवडतं. मॅना म्हणजे मंत्रांचं इंधन. तो खर्च केला की पुढची पाच सेकंद स्पिरिट या गुणाने आपोआप भरत नाही. मोठा हील पडायला तीन सेकंद. तो सुरू करायचा, टँकचा रक्तपट्टा बघत राहायचं, गरज नसेल तर शेवटच्या क्षणी रद्द करायचा, मॅना वाचतो. नेहमीच वरच्या रँकचा मंत्र लागत नाही, खालच्या रँकचा स्वस्त हील पुष्कळदा पुरतो. लढाई सहा मिनिटं चालणार असेल तर चौथ्या मिनिटाला किती मॅना हातात हवा, हे मी वहीत मांडून बसायचे. तीच रकान्यांची सवय.

बॅरन गेडन एकेकाला बॉम्ब करतो. आठ सेकंदांत बाकीच्यांपासून लांब पळायचं. पहिल्यांदा माझ्यावर आला तेव्हा मी दादाचा पट्टा बघत हील करत उभी राहिले. शेजारचे सातजण गेले. कुणी आवाज चढवला नाही. रेड लीडरने विचारलं, तुझ्या पडद्यावर काय दिसत होतं? मी सांगितलं, फक्त हिरवे पट्टे. पुढच्या आठवड्यापासून एकाला नेमलं की ज्याच्यावर बॉम्ब येईल त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं. शिकण्याची ही पद्धत मी पुढे नोकरीत फार थोड्या ठिकाणी पाहिली.

आता रॅग्नारॉस. तारीख पाठ आहे. शनिवार, २६ ऑगस्ट २००६. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे त्या दिवशी हरतालिका. बाहेर पाऊस, आई मागच्या अंगणात पत्री धूत होती. मखराचं थर्माकोल माझ्या खुर्चीमागे. त्याआधी दोन शुक्रवार आम्ही रॅग्नारॉसपाशी पोचून पडलो होतो.

तीन मिनिटं झाली की तो लाव्हात बुडी मारतो आणि आठ ज्वाळांची पोरं वर पाठवतो. ती जवळ आली की हीलरांचा मॅना जळतो. ती आटोपली, तो परत वर आला, रक्त निम्म्यावर, आणि आमच्याकडे वीज गेली.

यूपीएसची पीं पीं सुरू झाली. मागे एकदा असंच झालं होतं तेव्हा मॉडेम भिंतीतल्या प्लगवर होता आणि मी एका क्षणात गायब झाले होते, म्हणून त्यानंतर मॉडेमही यूपीएसवर घेतला होता. पण पंधरा इंची जुना मॉनिटर बॅटरी खातो. व्हेंट्रिलोवर, म्हणजे आम्ही ज्यावर एकमेकांशी बोलायचो त्या सॉफ्टवेअरवर, सगळ्यांना ती पीं पीं ऐकू जात होती, कुणीतरी विचारलं हे काय वाजतंय. दादाला विचारायची गरज नव्हती. तो थेट मराठीत बोलला, “किती मिनिटं?”

“सात. आठ धर.”

मग तो इंग्रजीत बाकीच्यांना म्हणाला की आपली एक प्रीस्ट बॅटरीवर आहे. रेड लीडरने ठेवणीतली औषधं सगळ्यांना आत्ताच प्यायला लावली. मी मॉनिटरचा प्रकाश खाली आणला. खोलीत इतका अंधार की बटणांवरची अक्षरं दिसेनात. तेवढ्यात कीबोर्डवर उजेड पडला. आई टॉर्च धरून उभी होती. तिच्या ओल्या हातातून पाण्याचा थेंब स्पेसबारवर पडला, तिने तो पदराच्या टोकाने टिपला आणि टॉर्च पुन्हा स्थिर धरली. काय चाललंय ते तिने विचारलं नाही. मी दादाचा पट्टा बघत होते. हील, रद्द, हील, हील, रद्द. रॅग्नारॉस लाव्हात कोसळला तेव्हा चाळीस गळे एकदम ओरडले. त्यानंतर दहा सेकंदांत पडदा काळा झाला.

फोन वाजला. दादा. रॅग्नारॉसच्या लुटीत प्रीस्टचे लेगिंग्ज पडलेत. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, प्रत्येक रेडच्या हजेरीचे गुण असत आणि ज्याचे गुण जास्त त्याचा आधी हक्क. गुण माझे जास्त होते. पण जो आत नाही त्याच्या हातात वस्तू देता येत नाही. “वीज आली की ये, आम्ही थांबलोय.” पंचवीस मिनिटांनी वीज आली. मी लॉगइन केलं तेव्हा लाव्हाच्या काठावर बावीस माणसं बसलेली होती. त्यांच्या शुक्रवारची रात्र संपत आलेली. ज्यांनी माझा चेहरा कधी पाहिला नाही अशी बावीस माणसं एका मुलीच्या घरची वीज यायची वाट बघत होती. त्या दिवशी उपास, पोहे नव्हते. मला भूक लागलेली आठवत नाही.

तर आता, नव्या सर्व्हरवर हे सगळं मिळतं का?

बरंचसं मिळतं. आम्ही ड्रीमसाइद या सर्व्हरवर आहोत, जिथे विरुद्ध बाजूचे लोक वाटेत उगाच मारत नाहीत. नोकरी, घर सांभाळून रोज तासदीड तास देऊन मला साठाव्या लेव्हलला पोचायला चार महिने लागले. एल्विनच्या जंगलातलं संगीत सुरू झालं आणि माझ्या हातांना रस्ते आठवले, डोक्याला आठवायच्या आत. या सर्व्हरवर टॅलेंटचे, म्हणजे निवडलेल्या कौशल्यांचे, दोन संच ठेवता येतात, म्हणून हीलरलाही एकटीने फिरून लांडगे मारता येतात. मूळ खेळात प्रीस्टला ही सोय नव्हती आणि तिची फार गरज होती. दुसरी चांगली गोष्ट, लुटीचा खेळातल्या सोन्याच्या बोलीवर लिलाव करणाऱ्या रेडना इथे बंदी आहे. मला हा नियम मनापासून पटतो. ज्याने पंचवीस मिनिटं लाव्हाच्या काठावर थांबून दाखवलंय त्याच्यापुढे थैली जड असणाऱ्याचा नंबर लागू नये.

इंदूरमधून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, अडीचशे मिलिसेकंदांच्या पुढे राहतो. मारणाऱ्यांना तो जाचतो. हीलरने पाव सेकंद आधी विचार करायची सवय लावली की चालतं. कॉम्प्युटर साधा पुरतो, मी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून जोडून घेतलेल्या सहा वर्षं जुन्या मशीनवर खेळते. वेगळा खोका घ्यावा लागत नाही, वर्गणीतच क्लासिक येतं, वर्गणी अजून १४.९९ डॉलरच. आता ती माझ्या कार्डावरून जाते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर पहिल्याच पायरीवर अडाल.

आता अर्धा गुण. मूळ खेळात रॅग्नारॉस पहिल्यांदा पडायला १५४ दिवस लागले होते. २०१९ ला क्लासिक आलं तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात पडला. सगळ्यांना सगळं माहीत आहे. बॉम्ब कुणावर आलाय ते खेळाला वरून जोडलेलं अ‍ॅडऑन सांगतं, कधी पळायचं तेही सांगतं. रेड संपताच कुणाचे आकडे किती याची यादी निघते, आणि काही ठिकाणी ती यादीच रेड झाली आहे. मी पहिल्यांदा ज्या गिल्डमध्ये गेले तिथे एका नवख्या पॅलाडिनला दुसऱ्याच आठवड्यात आकडे कमी म्हणून काढलं. तो आशीर्वाद देण्याचं त्याचं काम एकदाही चुकला नव्हता, पण त्या कामाचा रकाना यादीत नव्हता. मी आकड्यांवर जगते, म्हणून सांगते, हिशेबात जे मांडलंच नाही ते नव्हतं असं होत नाही. मी त्याच रात्री बाहेर पडले.

हा दोष खेळाचा म्हणायचा की आपला, यावर दादाचं आणि माझं एकमत नाही. तो म्हणतो, अज्ञान परत विकत मिळत नाही. मी म्हणते, मिळत नाही, पण हळू जाणारी माणसं मिळतात. शोधावी लागतात. आम्हाला मिळाली. आमच्या गिल्डमध्ये एक रिटायर्ड नर्स आहे, एक ट्रकचालक आहे, आणि कुणी वाइप केला तर अजूनही आधी हेच विचारतात की तुला काय दिसत होतं. मोल्टन कोअरला आम्हाला दोन तास लागतात. चांगल्या गिल्डना एक तासही लागत नाही. आम्हाला घाई नाही.

दादा पुन्हा टँक. त्याचे डोळे आता कोपऱ्यातला नकाशा वाचत नाहीत, म्हणून बॉस कुठे फिरतोय ते मी सांगते. मॅगमाडारला फिअर वॉर्ड माझाच. गेल्या महिन्यात एकदा अ‍ॅडऑन बंद पडलं आणि मला तीस सेकंद मनातल्या मनात मोजावे लागले. पहिल्या भेदऱ्यात तो जागचा हलला नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्याला मी एकोणतिसाव्या सेकंदाला बटणावर बोट ठेवून थांबले होते, आणि ऐकू येत होता फक्त त्याचा श्वास, माइकला जरा जास्तच जवळ, तसाच जसा रामबागेत माझ्या कानाशी यायचा.

कुणाला यायचं असेल तर : ड्रीमसाइद, अलायन्स, शनिवारी पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. एक प्रीस्ट आणि दोन पॅलाडिन हवेत. यूपीएस असल्यास बरं, नसलं तरी आम्ही थांबतो.